चालू सर्व्हरलाच विचारा, तो कुठली कॉन्फिग फाईल वाचतो ते

"ताई, फाईल बदलली, सर्व्हिस रिस्टार्ट केली, तरी आकडा तोच दाखवतोय." आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच. मी कोल्हापुरात बसून पतसंस्था, दूध संस्था, दवाखाने, दोन-तीन छापखाने अशांचे डेटाबेस सांभाळते. कुणाकडे विंडोज, कुणाकडे उबुंटू, कुणाच्या प्रोग्रॅमरकडे मॅक. या फोनमागचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. माणसाने फाईल खरंच बदललेली असते, पण सर्व्हर वाचतो ती कॉन्फिग फाईल, म्हणजे सेटिंग्जची फाईल, वेगळी असते.

म्हणून आधी एवढंच करा, फाईल शोधत बसू नका. अख्ख्या सी ड्राइव्हवर माय.आयएनआय (विंडोजवर मायएसक्यूएल या डेटाबेसची सेटिंग्जची फाईल) सर्च केलंत तर तीन-चार मिळतील, आणि त्यातली कामाची कुठली हे सर्चला कळत नाही. ते फक्त चालू असलेल्या सर्व्हरला माहीत असतं. त्याला विचारायचं कसं ते सांगते. कमांड आणि पाथ मी फोनवर सांगते तसे देवनागरीत लिहिलेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचे.

एका पतसंस्थेतली मार्चअखेरची संध्याकाळ. विंडोज सर्व्हर २०१६, त्यावर मायएसक्यूएल ८.०. सगळ्या शाखा एकदम कामाला लागल्या आणि 'टू मेनी कनेक्शन्स' यायला लागलं. तिथल्या क्लार्कने इंटरनेटवर वाचून मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती जोडण्या चालतील तो आकडा) ३०० केलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, तरी एरर तीच. त्याचा आवाज रडवेला झाला होता, कारण काउंटरवर माणसं उभी होती.

अशा वेळी फाईलचा विषय बाजूला ठेवायचा आणि आधी काम सुरू करायचं. मायएसक्यूएल एक जादा जागा ॲडमिनसाठी राखून ठेवतं, त्यामुळे सगळी कनेक्शन्स भरली तरी रूटने, म्हणजे मुख्य ॲडमिन युजरने, आत जाता येतं. (तुमचं सॉफ्टवेअरच रूट युजरने चालत असेल तर तीही जागा तेच खातं. लहान संस्थांत हे सर्रास असतं आणि ते बदलायलाच हवं.) आत गेल्यावर 'शो व्हेरिएबल्स लाइक' पुढे अवतरणात मॅक्स_कनेक्शन्स. आकडा आला १५१. हा मायएसक्यूएलचा मूळ आकडा, म्हणजे ३०० वाली ओळ सर्व्हरने वाचलेलीच नाही. मग 'सेट ग्लोबल मॅक्स_कनेक्शन्स = ३००'. रिस्टार्ट लागत नाही, लगेच लागू होतं, पुढच्या रिस्टार्टपर्यंत टिकतं. काउंटर चालू झाले. आता फाईल शोधायला शांत डोकं मिळालं.

विंडोजवर सर्व्हिसला विचारायचं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि लिहा: एससी डॉट ईएक्सई, जागा, क्यूसी, जागा, मायएसक्यूएल८०. शेवटचं ते सर्व्हिसचं नाव, तुमच्याकडे वेगळं असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत बघा. 'डॉट ईएक्सई' मुद्दाम सांगते. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये नुसतं एससी म्हणजे वेगळीच कमांड आहे. ती काही न बोलता 'क्यूसी' नावाची फाईल तयार करते आणि तुम्ही रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसता.

उत्तरात 'बायनरी पाथ नेम' अशी ओळ येते. मी क्लार्कला म्हटलं, "दादा, ती ओळ मला अक्षर न् अक्षर वाचून दाखवा." त्याने वाचलं. आधी मायएसक्यूएलडी.ईएक्सईचा (सर्व्हरच्या मूळ प्रोग्रॅमचा) पाथ, मग डॅश डॅश डिफॉल्ट्स-फाईल, बरोबर, आणि पुढे सी:\प्रोग्रॅमडेटा\मायएसक्यूएल\मायएसक्यूएल सर्व्हर ८.०\माय.आयएनआय. तो थांबला. "ताई, मी प्रोग्रॅम फाइल्समधली बदलली. आणि प्रोग्रॅमडेटा म्हणून फोल्डरच नाही इथे."

फोल्डर होतं. विंडोज ते लपवून ठेवतं. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत सी:\प्रोग्रॅमडेटा असं हाताने टाइप करून एंटर मारलं की उघडतं. प्रोग्रॅम फाइल्समधली फाईल आधीच्या कुणीतरी हाताने बनवून ठेवलेली होती. डिफॉल्ट्स-फाईल दिलेली असली की सर्व्हर तीच माय.आयएनआय वाचतो, बाकीच्या माय.आयएनआयकडे ढुंकूनही बघत नाही.

इथे एक फसवी वाट आहे. बऱ्याच ठिकाणी सल्ला असतो की 'मायएसक्यूएलडी, डॅश डॅश व्हर्बोज, डॅश डॅश हेल्प' चालवा, त्यात फाईलींची यादी येते. येते हे खरं. पण तो प्रोग्रॅम सवयीने कुठे कुठे शोधतो, त्याची ती यादी असते. तुमची सर्व्हिस सुरू होताना तिला काय सांगितलंय, हे त्या यादीत नसतं. लिनक्सवर यादी उपयोगी पडते, विंडोजच्या सर्व्हिसला क्यूसीच विचारा.

पतसंस्थेत पुढे अजून एक अडलं, आणि ते मला सविस्तर सांगायचंय, कारण ते आपल्याकडेच घडतं. क्लार्कने योग्य फाईल उघडली, ३०० केलं, आणि शहाण्या माणसासारखी वर एक टीप लिहिली: हॅश, आणि पुढे मराठीत 'मार्चअखेरसाठी वाढवले'. सेव्ह करताना नोटपॅडने विचारलं, ही अक्षरं टिकवायची तर युनिकोडमध्ये सेव्ह करा. त्याने यूटीएफ-८ निवडलं. रात्री रिस्टार्ट केलं आणि सर्व्हिस उठेचना. एरर लॉगमध्ये एक ओळ नाही, कारण लॉग कुठे लिहायचा हेसुद्धा त्याच फाईलमधून वाचायचं असतं आणि सर्व्हर तिथवर पोचलाच नव्हता.

जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट्सची खूण घालतं, बीओएम म्हणतात तिला. डोळ्यांना दिसत नाही. पण सर्व्हरला पहिल्या ओळीच्या हॅशआधी काहीतरी दिसतं, त्यामुळे ती ओळ टीप राहत नाही, सेटिंग समजली जाते. मग तो म्हणतो, 'फाउंड ऑप्शन विदाउट प्रिसीडिंग ग्रुप', ओळ १. हा निरोप बघायचा असेल तर सर्व्हिस सोडा आणि मायएसक्यूएलडी हाताने चालवा: डॅश डॅश डिफॉल्ट्स-फाईल आणि पाथ, मग डॅश डॅश कन्सोल. डिफॉल्ट्स-फाईल सगळ्यात आधी लिहावं लागतं. ८.०.१६ पासून डॅश डॅश व्हॅलिडेट-कॉन्फिग असंही आहे, ते फाईल तपासून बाहेर येतं, सर्व्हर सुरू करत नाही. रिस्टार्टआधी ते चालवायची सवय लावून घ्या. मराठी टीप लिहायला माझी बंदी नाही, पण मग नोटपॅड++ सारखा एडिटर घ्या आणि बीओएम नसलेलं यूटीएफ-८ निवडा. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या नोटपॅडमध्ये साधं यूटीएफ-८ आणि बीओएमवालं असे दोन पर्याय वेगळे दिसतात, तिथे साधं घ्या.

विंडोजवरच्या अजून दोन गोष्टी पटकन. एक्स्टेन्शन दिसत नसेल तर फाईल माय.आयएनआय.टीएक्सटी झालेली असू शकते. आणि फाईलमध्ये पाथ लिहिताना उलटा स्लॅश टाळा, सरळ स्लॅश चालतो. उलट्या स्लॅशपुढे 'टी' आला तर मायएसक्यूएल त्याला टॅब समजतं, 'एस' आला तर मोकळी जागा. झॅम्प (वेबसाइट बनवणाऱ्यांचा तयार संच) असेल तर त्यात मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचाच भाऊबंद, असतं आणि त्याची फाईल सी:\झॅम्प\मायएसक्यूएल\बिन मध्ये. एकाच मशीनवर झॅम्प आणि वेगळं मायएसक्यूएल, दोन्ही असतील तर आधी आपण बोलतोय कुणाशी ते बघा: 'सिलेक्ट' आणि पुढे दोन ॲट लावून पोर्ट, व्हर्जन, डेटाडिर. ही तीन उत्तरं आली की निम्मे गैरसमज मिटतात.

लिनक्सवर घोळ वेगळा असतो. तिथे फाईल एक नसते, फाईलींची साखळी असते आणि एकच सेटिंग दोनदा आलं तर शेवटी वाचलेलं चालतं.

एका दवाखान्यातली गोष्ट. उबुंटू, मायएसक्यूएल ८. लॅबच्या संगणकावरून मुख्य सर्व्हरला जोडायचं होतं. तिथल्या मुलाने /ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ उघडली, त्यात वरच्या बाजूला चौकटी कंसात मायएसक्यूएलडी लिहून खाली बाइंड-ॲड्रेस (सर्व्हर कुठल्या पत्त्यावर जोडण्या घेतो तो) बदलला. उपयोग शून्य. त्या फाईलच्या शेवटी 'इन्क्लूडडिर' अशा दोन ओळी असतात: एक कॉन्फ.डी फोल्डरची, एक मायएसक्यूएल.कॉन्फ.डी ची. दुसऱ्या फोल्डरमध्ये मायएसक्यूएलडी.सीएनएफ नावाची फाईल आहे आणि तिच्यात बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ आधीपासून लिहिलेला आहे. मुलाची ओळ आधी वाचली गेली, पॅकेजची नंतर, म्हणून पॅकेजची चालली. बदल मायएसक्यूएलडी.सीएनएफमध्येच करायचा. पत्ता मात्र सर्व्हरचा आतल्या नेटवर्कवरचाच द्या, सगळीकडून दार उघडं करणारा ०.०.०.० नको. रुग्णांची माहिती आहे ती.

उबुंटूवर मारियाडीबी असेल तर हेच काम मारियाडीबी.कॉन्फ.डी फोल्डरमधल्या ५०-सर्व्हर.सीएनएफमध्ये. रेड हॅट, रॉकी, अल्मा या घरातल्यांमध्ये /ईटीसी/माय.सीएनएफ आणि शेजारी माय.सीएनएफ.डी फोल्डर. त्या फोल्डरमध्ये आपली फाईल ठेवायची तर नाव .सीएनएफनेच संपायला हवं. .कॉन्फ नावाने ठेवलेली फाईल तो उघडतही नाही आणि तक्रारही करत नाही. एका फोल्डरातल्या फाईली कुठल्या क्रमाने वाचू याची हमी नाही, असं मायएसक्यूएलचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. तेव्हा एकच सेटिंग त्याच फोल्डरातल्या दोन फाईलींत ठेवू नका.

मग एवढ्या साखळीत आकडा नक्की कुठून आला हे विचारायचं कुणाला? परत सर्व्हरलाच. मायएसक्यूएल ८ मध्ये परफॉर्मन्स_स्कीमा नावाच्या डेटाबेसमध्ये व्हेरिएबल्स_इन्फो हे टेबल आहे. त्यातून व्हेरिएबल_नेम, व्हेरिएबल_सोर्स आणि व्हेरिएबल_पाथ काढा. प्रत्येक सेटिंगपुढे ते कुठल्या फाईलीतून आलं त्याचा पूर्ण पाथ दिसतो. सोर्समध्ये 'कंपाइल्ड' असेल तर कुठल्याच फाईलीत ते सापडलं नाही, मूळ आकडा चालू आहे. 'डायनॅमिक' असेल तर कुणीतरी चालू सर्व्हरमध्ये सेट केलंय. आणि 'पर्सिस्टेड' असेल तर नीट लक्ष द्या. कुणीतरी 'सेट पर्सिस्ट' वापरलंय आणि आकडा डेटा फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफमध्ये जाऊन बसलाय. ती फाईल सगळ्यांच्या शेवटी वाचली जाते, म्हणून तुम्ही माय.सीएनएफमध्ये कितीही बदल करा, तोच आकडा परत येणार. ती फाईल हाताने खरडू नका, 'रिसेट पर्सिस्ट' आणि सेटिंगचं नाव द्या. मारियाडीबीत १०.५ पासून हीच सोय इन्फर्मेशन_स्कीमामधल्या सिस्टिम_व्हेरिएबल्समध्ये आहे, रकान्याचं नाव ग्लोबल_व्हॅल्यू_पाथ.

मला वाटतं, डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे टेबल पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं. मी ते शिकले तेव्हा माझी कित्येक वर्षं अंदाजात गेली होती.

परवानग्यांचं एक. काही चालेना की लोक चिडून फाईलला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देतात. लिनक्सवर कुणालाही लिहिता येईल अशी कॉन्फिग फाईल मायएसक्यूएल वाचतच नाही. 'वर्ल्ड-रायटेबल कॉन्फिग फाईल इज इग्नोअर्ड' असा इशारा देऊन पुढे जातं. ६४४ द्या, मालक रूट ठेवा. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) वापरणाऱ्यांना हे हमखास चावतं. विंडोजच्या फोल्डरमधली सीएनएफ फाईल कंटेनरमध्ये माउंट केली की आतून तिची परवानगी ७७७ दिसते आणि ती टाकून दिली जाते. तिथे माउंट करताना 'रीड-ओन्ली' लावून बघा, नाहीतर फाईल इमेजमध्येच कॉपी करून परवानगी द्या.

आता पोस्टग्रेस, हा वेगळा डेटाबेस. पोस्टग्रेसचं मला मनापासून आवडतं ते हे, की विचारलं की ते सरळ सांगतं. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) 'शो कॉन्फिग_फाईल'. पूर्ण पाथ समोर. 'शो एचबीए_फाईल', 'शो डेटा_डिरेक्टरी' तसंच. उबुंटू-डेबियनवर उत्तर /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१६/मेन असं येतं, रेड हॅटच्या घरात फाईल डेटाबरोबरच /व्हार/लिब/पीजीएसक्यूएलच्या आत, विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्स, पोस्टग्रेसक्यूएल, व्हर्जनचा आकडा, डेटा.

पाठ करायची गरज नाही, पण मधला तो १६ बघा. उबुंटू २२.०४ मध्ये पोस्टग्रेस १४ असतं, २४.०४ मध्ये १६. सिस्टिम अपग्रेड केली की १६ शेजारी येतं, १४ जात नाही. १४ पोर्ट ५४३२ वर तसंच चालू, १६ बसतं ५४३३ वर. मग माणूस १६ च्या फोल्डरमध्ये दिवसभर बदल करतो आणि ॲप्लिकेशन बोलत असतं १४ शी. पीजी_एलएसक्लस्टर्स ही एक कमांड चालवा, व्हर्जन, पोर्ट, चालू की बंद, डेटा फोल्डर, सगळं एका ओळीत मिळतं.

योग्य फाईल बदलूनही आकडा हलला नाही तर तीन ठिकाणी बघा. ओळीच्या आधीचा हॅश काढला का? ओळीतला आकडा बदलून हॅश तसाच ठेवलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. दुसरं, डेटा फोल्डरमधली पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ. 'ऑल्टर सिस्टिम' ने केलेले बदल तिथे जातात आणि ते मुख्य फाईलवर मात करतात. तिसरं, नुसतं रीलोड केलंय का, म्हणजे बंद न करता फाईल पुन्हा वाचायला लावलीय का? शेअर्ड_बफर्स, मॅक्स_कनेक्शन्स, पोर्ट, लिसन_ॲड्रेसेस यांना पूर्ण रिस्टार्ट लागतो. तिन्हींचं उत्तर पीजी_सेटिंग्ज या एका व्ह्यूमध्ये आहे: सोर्सफाईल, सोर्सलाइन आणि पेंडिंग_रिस्टार्ट हे रकाने बघा. कुठली फाईल, कितवी ओळ, रिस्टार्ट बाकी आहे का. हे सुपरयुजरने विचारा, साध्या युजरला फाईलचा रकाना रिकामा दिसतो. फाईलमध्ये लिहिलंय पण लागू झालं नाही, अशा ओळी पीजी_फाईल_सेटिंग्जमध्ये कारणासकट सापडतात.

आणि एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये शेवटची ओळ चालते, पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये (कुणाला कुठून आत घ्यायचं याची फाईल) पहिली जुळलेली. एचबीएमध्ये वर कुठे 'रिजेक्ट' ची ओळ जुळली की खाली तुम्ही लिहिलेल्या परवानगीपर्यंत तो येतच नाही. नवी ओळ शेवटी जोडायची सवय इथे नडते.

मॅकचं थोडक्यात. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम घालायचं साधन) मायएसक्यूएल घातलेलं असेल तर ॲपलच्या नव्या चिपवर /ऑप्ट/होमब्रू/ईटीसीमध्ये माय.सीएनएफ, इंटेलवाल्या मॅकवर /यूएसआर/लोकल/ईटीसीमध्ये. मायएसक्यूएलच्या अधिकृत इन्स्टॉलरने घातलं असेल तर फाईल मुळात नसतेच, आपण बनवायची. पोस्टग्रेस असेल तर 'शो कॉन्फिग_फाईल' आहेच.

मोंगोडीबी या आणखी एका डेटाबेसलाही हाच प्रश्न विचारता येतो, कमांडचं नाव गेटसीएमडीलाइनऑप्ट्स, ॲडमिनकमांडमधून. उत्तरात कॉन्फिगचा पाथ नसेल तर कुणीतरी मोंगोडी (त्याचा सर्व्हर प्रोग्रॅम) फाईल न देता सुरू केलंय. ती फाईल यामल नावाच्या मांडणीत असते, टॅब चालत नाही, जागाच द्याव्या लागतात. आणि डेटाबेस ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड सेवेवर असेल तर फाईल शोधूच नका, ती तुमच्या हातात नसते. तिथला पॅरामीटर ग्रुप, म्हणजे सेटिंग्जचा संच, बदला.

बदल करण्याआधी फाईलची तारीख टाकून कॉपी काढा, पण लिनक्सवर ती कॉपी कॉन्फ.डी सारख्या फोल्डरमध्ये .सीएनएफ नावाने ठेवू नका, नाहीतर सर्व्हर तीही वाचेल. रिस्टार्टनंतर परत आकडा विचारा. फाईलमध्ये दिसतोय म्हणजे लागू झाला असं धरू नका. मी प्रत्येक ग्राहकासाठी वहीत एक पान ठेवते: सर्व्हिसचं नाव, पोर्ट, व्हर्जन, सर्व्हरने स्वतः सांगितलेला पाथ आणि कुठल्या तारखेला विचारला ती तारीख.

पतसंस्थेत त्या रात्री साडेदहाला सर्व्हिस उठली, आकडा ३०० दाखवला. फोन ठेवण्याआधी प्रोग्रॅम फाइल्समधली ती जुनी फाईल क्लार्ककडून पुन्हा उघडून घेतली. पहिल्या ओळीत हॅश लावून त्याने लिहिलं, 'ही फाईल सर्व्हर वाचत नाही, खरी प्रोग्रॅमडेटामध्ये आहे'. रोमन अक्षरांत लिहिलं, माझ्या सांगण्याआधीच.